चकरा किती झाल्या, ते आधी मोजा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की सरकारी कचेरीत 'डिझाईन थिंकिंग', म्हणजे माणसाची अडचण त्याच्या जागी उभं राहून बघायची आणि मग उपाय करायची पद्धत, आणायला कॉम्प्युटर लागत नाही, दोनशे पानी वही लागते. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की हा अख्खा अंक त्यातच जाणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी महसूलमध्ये अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस, डिझाईन-बिझाईन शिकलेलो नाही, जे टेबलाच्या आतल्या बाजूला बसून बघितलं आणि नंतर बाहेरच्या बाजूला उभं राहून भोगलं तेवढंच लिहितो.

आप्पा, राम राम. मी चोपडा तालुक्यात ग्रामसेवक आहे, दोन गावं सांभाळतो. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, ग्रुप फोटो झाला. एम्पथी, डिफाईन, आयडिएट, प्रोटोटाइप, टेस्ट हे पाच शब्द पाठ झाले पण सोमवारी ऑफिसात आलो तर तीच गर्दी आणि तीच कटकट. हे माझ्या कामात बसवायचं कसं?

भाऊ, शब्द बरोबर आहेत तुमचे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००५ च्या सुमारास डी-स्कूल नावाची डिझाईन शिकवणारी संस्था निघाली, तिथून ही पाच पायऱ्यांची मांडणी जगभर गेली. साध्या भाषेत सांगायचं तर आधी माणसाची अडचण त्याच्या जागी जाऊन समजून घ्या, मग ती नेमक्या शब्दात मांडा, मग चार उपाय सुचवा, त्यातल्या एकाचा कच्चा नमुना करा आणि तो खऱ्या माणसावर वापरून बघा. गोम अशी आहे की पहिली पायरी ट्रेनिंगवाले एसी हॉलमध्ये बसून उरकतात, 'समजा तुम्ही एक शेतकरी आहात' असं म्हणून. अहो समजा कशाला, बाहेर ओट्यावर सात जण बसलेत ना!

तुम्ही असं करा. एक वही घ्या, तिच्यावर 'चकरा' असं लिहा. जो कोणी येईल, नमुना ८ चा उतारा असो, जन्माची नोंद असो, थकबाकी नसल्याचा दाखला असो, त्याला एकच प्रश्न विचारा की या कामासाठी ही कितवी चक्कर, आणि मागच्या वेळी काय म्हणून परत पाठवलं होतं. त्याच्याच शब्दात लिहायचं हां, 'अपूर्ण कागदपत्रे' असं आपलं सरकारी मराठी लिहायचं नाही. 'घरपट्टीची पावती सापडत नव्हती', 'साहेब मीटिंगला होते', 'झेरॉक्सवाला बंद होता' असं. पंधरा दिवस लिहा आणि मग एका संध्याकाळी दार लावून वाचा. तुमच्या पाच शब्दांतला दुसरा शब्द, डिफाईन, त्या वहीतून आपोआप बाहेर येतो.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. एका तालुक्याला (नाव कशाला) माझ्याकडे निराधार योजनेचं टेबल होतं. हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या बाया यायच्या, आणि आमच्या रजिस्टरला त्यांच्यापुढे शेरा पडायचा 'अर्जदार गैरहजर'. आमची सगळ्यांची पक्की समजूत की या बायांना समजत नाही, फॉर्म अवघड आहे, फॉर्म सोपा केला पाहिजे. फॉर्म सोपा करण्यात आम्ही एक महिना घालवला, अक्षर मोठं केलं, रकाने कमी केले, फरक शून्य. एक म्हातारी चौथ्यांदा आली, टेबलाशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, मन्हा कागद कोठे शे?" आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो की साहेबांकडे सहीला आहे, एक वाजेनंतर ये. ती म्हणाली एक वाजेपर्यंत थांबले तर बारा वाजेची गाडी जाते, पुढची साडेपाचला, आणि तिथून फाट्यापासून दीड कोस पायी अंधारात. बस्स. फॉर्म नाही, एसटीचं टाइमटेबल होतं ते! सकाळी नऊला येणाऱ्या त्या गाडीने आलेली माणसं बाराला परत जायची आणि आमचं सहीचं फोल्डर एक वाजता सुटायचं, म्हणून ती सगळी कागदावर 'गैरहजर'. आम्ही काय केलं, त्या एका टेबलाचं फोल्डर साडेदहाला आत पाठवायला लागलो. साहेब आधी कुरकुरले, मग त्यांनाही दुपार मोकळी मिळायला लागली. एक रुपया खर्च नाही आणि जीआर पण नाही.

आता तुमचा प्रोटोटाइप. त्यासाठी फ्लेक्स छापू नका ही हात जोडून विनंती. फ्लेक्स छापला की तो बदलायला माणूस धजत नाही कारण बिल निघालेलं असतं. पुठ्ठा घ्या, स्केचपेनने लिहा, आणि लिहिण्यापेक्षाही बरं म्हणजे भरलेला नमुना फॉर्म आणि त्याला लागणारे कागद, खरेखुरे, नाव-नंबर झाकून, त्याच क्रमाने भिंतीला चिकटवा. माणूस येतो, भिंतीजवळ उभा राहतो, आपल्या पिशवीतले कागद एकेक करून भिंतीशी ताडून बघतो. कुठे अडतो ते बघत बसा, मधे बोलू नका. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठा बदला. आणि तुमच्याकडे दोन गावं आहेत म्हणून आणखी एक, कुठल्या गावाला कोणत्या वारी बसणार ते आठवडे बाजाराचा वार बघून ठरवा, बाजाराला माणूस येतोच, त्याच्या दोन चकरांची एक होते.

आप्पा, मी भुसावळची गृहिणी. एका केंद्रात दाखल्यासाठी गेले, खिडकी एवढी खाली आणि भोक एवढं लहान की कमरेत वाकून, मान वाकडी करून बोलावं लागतं. माझ्यामागे एक गरोदर मुलगी होती, तिची तर फार दया आली. हे पण डिझाईनमध्ये येतं का?

येतं ताई, आणि सगळ्यात आधी येतं. ती खिडकी पैसे मोजायच्या कॅश काउंटरसाठी केलेली असते, चोराला हात घालता येऊ नये म्हणून, आणि मग तीच खिडकी दाखल्याला, चौकशीला, तक्रारीला सगळीकडे बसवतात. पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात तर बघा, टोकन घेऊन खुर्चीत बसायचं, मग ए, बी, सी अशा तीन काउंटरला क्रमाने जायचं, नंबर स्क्रीनवर येतो, आपण काउंटरसमोर बसून बोलतो. गर्दी तिथेही असते, पण धक्काबुक्की नसते कारण आपला नंबर जाणार नाही हे माणसाला दिसत असतं. तुमच्या केंद्राला एवढं सगळं जमणार नाही, पण खिडकीबाहेर एक स्टूल ठेवायला काय हरकत आहे? तुम्ही चार बायकांनी मिळून मागा, एकटीने मागितलं तर 'वरून ऑर्डर नाही' म्हणतील.

आप्पा, नमस्कार. मी धडगाव तालुक्यातली सरपंच. आमच्याकडे रेशनच्या मशीनवर म्हाताऱ्यांचे अंगठे लागत नाहीत, काही पाड्यांवर रेंजच नाही, दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर चढतो. फॉर्म मराठीत, पाड्यावर बोलतात पावरी. अधिकारी म्हणतात सगळं डिजिटल झालंय. आम्ही काय करायचं?

ताई, तुमच्या जिल्ह्याची गंमत बघा. देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातच दिलं गेलं, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. म्हणजे ज्या जिल्ह्यात ही गोष्ट सुरू झाली तिथेच सपाटीवर ती चालते आणि सातपुड्यात चढता चढता धापा टाकते.

यात चूक कुठे आहे ते नीट बघू. शेतात, जंगलात, दगडात हात घालून काम करणाऱ्याच्या बोटावरच्या रेषा झिजतात, वयाने आणखी झिजतात, हे काही आकाशातून पडलेलं संकट नाही, मशीन आणायच्या आधी दहा पाड्यांवर नेऊन बघितलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं. पण ज्यांच्यावर टेस्ट होते ते बहुतेक ऑफिसातले हात असतात, मऊ. मग ज्याचा अंगठा लागत नाही तो 'अपवाद' ठरतो, आणि अपवादाला काय सांगायचं तर उद्या या. डोळ्याचं स्कॅन, मोबाईलवर ओटीपी असे दुसरे रस्ते आहेत, पण ते दुकानात प्रत्यक्षात कितीदा वापरले जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तुमच्या हातात काय आहे? आकडा. दर महिन्याला किती जणांचा अंगठा लागला नाही, किती जण रिकाम्या हाताने गेले, कितव्या फेरीत धान्य मिळालं, याची पाड्यावार यादी अंगणवाडी ताई किंवा एखाद्या शिकलेल्या पोरीकडून लिहून घ्या. तीन महिन्यांची यादी झाली की ग्रामसभेत ठेवा आणि ठराव करा. धडगाव अनुसूचित क्षेत्रात आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि आपल्या राज्याचे नियम २०१४ चे, त्यात पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते, आणि माझ्या मते पेसामधली सगळ्यात कमी वापरलेली पण सगळ्यात कामाची तरतूद हीच आहे. कारण मोठ्या गावच्या सभेत रेंजवाल्या पाड्याचे लोक बोलतात, बिनरेंजवाला पाडा तिथवर पोचतच नाही. तक्रार 'मशीन चालत नाही' अशी घेऊन गेलात तर तुम्हाला नवीन मशीन मिळेल. 'या पाड्यातल्या एवढ्या घरांना दोन-दोन चकरा पडतात, म्हणून महिन्यातून ठरलेल्या दिवशी धान्य आणि मशीन दोन्ही रेंज असलेल्या जागी आणा, आणि अंगठा न लागणाऱ्यांची यादी आधीच करून त्यांना दुसरा रस्ता द्या' अशी मागणी घेऊन जा.

आता भाषेचं. निरक्षर माणूस आणि सरकार यांच्यातला सगळ्यात भारी डिझाईनचा धडा आपल्याच देशाने जगाला दिलाय असं मला वाटतं, आणि आपण तो विसरलो. १९५१-५२ ची पहिली निवडणूक. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. तर प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं, बैलजोडी, झोपडी, जे असेल ते. मतदाराने कागद फक्त आपल्या पेटीत टाकायचा, काही लिहायचं नाही. माणसाला अक्षर शिकवत बसायला वेळ नव्हता म्हणून पद्धतच माणसाकडे वाकवली. पण त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको नि तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि सेन यांनी तशी नोंद धरली नाही. आता त्यांचं बरोबर की चूक यावर मी रात्रभर भांडू शकतो. पण अडचण फॉर्मच्या एका रकान्यात होती हे नक्की.

म्हणून तुम्ही चित्रांचा बोर्ड करा, पण चित्रं तालुक्याहून मागवू नका. तिथून येतं ते धुराडं असलेलं कौलारू घर. पाड्यावरच्या बाईला विचारलंत की हे काय, तर ती काहीही सांगेल पण घर म्हणणार नाही, तिचं घर कुडाचं आहे. पाड्यातल्याच पोरांकडून काढून घ्या आणि दहा जणींना न सांगता दाखवा, आठ जणींनी ओळखलं तर भिंतीवर रंगवा.

सर, मी धुळ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून पाण्याच्या तक्रारींचं ॲप बनवायचं आहे, जीपीएस, फोटो, एआय सगळं टाकणार. डिझाईन थिंकिंगच्या दृष्टीने काय काय फीचर असावेत?

पोरा, सर नको म्हणू, आप्पा म्हण. आणि रागावू नकोस, पण एक फीचर पण टाकू नकोस अजून.

आधी तुझ्या गल्लीतल्या पाच घरात जा आणि विचार की पाण्याबद्दल शेवटची चिडचीड कधी झाली. मी पैज लावतो की 'तक्रार कुठे करू' असं कोणी म्हणणार नाही, 'आज येणार की उद्या, किती वाजता' हे म्हणतील. कोणी लग्नाला जायचं सोडून घरी बसलंय, कोणाच्या बाईने पहाटे तीनचा गजर लावलाय. आणि पाणी कधी येणार हे अख्ख्या शहरात नक्की कोणाला माहीत असतं? व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला! त्याच्यासोबत दोन दिवस फीर, सायकलवर. मग एक महिना ॲप न बनवता तूच ॲप हो, तो व्हॉल्व्ह उघडायला निघाला की तुला एक मिसकॉल देईल आणि तू गल्लीच्या ग्रुपवर लिहायचं 'निघाला'. एवढंच. लोक त्याला काय विचारतात, कधी खोटं ठरतं, कोण ग्रुपवर नाही, हे सगळं लिहून ठेव. महिन्याने तुला कळेल की ॲप लागतंय की नाही, आणि नाही लागलं तर तसंच रिपोर्टमध्ये लिही, तुझे गाईड कदाचित मार्क कापतील, तेवढं सोस.

ई-पीक पाहणी या सरकारी ॲपचं उदाहरण घरच्यांना विचार, शेती असेल तर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं, आधी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर करायची. कल्पना चांगली, माझ्या मते तर फारच चांगली, कारण तलाठी चावडीत बसून गेल्या वर्षीचंच पीक उतरवायचा हे मी डोळ्याने पाहिलंय. पण पहिल्या हंगामात ज्याच्याकडे साधा फोन त्याचं काय, शेतात रेंज नाही त्याचं काय, आणि चुकून कापसाच्या जागी मका दाबला गेला तर काय, असे प्रश्न बांधाबांधावर. पुढच्या वर्षी नवीन आवृत्तीत ४८ तासांत स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायची सोय आली. ही छोटी गोष्ट वाटते तुला, पण त्या एका बटणाने तलाठ्याकडच्या चकरा वाचल्या. तुझ्या कुठल्याही कामात 'चुकलं तर' हे पान आधी काढ.

आणि धुळ्याचा आहेस तर पांझरा काठची फड पद्धत बघून ये, अजून कुठे कुठे चालू आहे. तीनशे वर्षांच्या वरची गोष्ट. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, म्हणजे कोणी कायमचा वरचा नाही नि कोणी कायमचा शेपटाचा नाही. पाणी देणार गावाने नेमलेला पाटकरी, मालकाने स्वतः दारं फोडायचं नाही. पाणी कमी असेल तर अख्खा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांना वाटून. आता बघ, यात 'अमक्याला जास्त पाणी दिलं' ही तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही. तू तक्रारीचं ॲप बनवतोयस, त्यांनी तक्रारच उगवू दिली नाही. तुझ्या एआयला हे जमेल का बघ.

आ. आप्पा, मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक. हे डिझाईन थिंकिंग म्हणजे नवीन बाटलीत जुनी दारू, तीही परदेशी. कचेरीत जागा रिकाम्या, आहेत ते पैसे मागतात, त्यावर रंगीत चिठ्ठ्या काय करणार? स्वतः आठ महिन्यांपासून एका वारस नोंदीसाठी हिंडतोय.

गुरुजी, निम्मं पटलं. माणूसच नाही त्या टेबलावर कितीही सुंदर पुठ्ठा लावला तरी सही कोण करणार. आणि जिथे मुद्दाम अडवायचं असतं तिथे 'लोकांना समजत नाही' ही अडचणच नसते, समजू द्यायचं नसतं ही असते. परदेशातही काही सगळं गोड झालेलं नाही. डेन्मार्क सरकारने २००२ मध्ये माइंडलॅब नावाची या कामाची खास प्रयोगशाळा काढली, जगभरातून लोक बघायला जायचे, २०१८ ला बंद करून टाकली.

पण कागदाची मांडणी म्हणजे वरवरची सजावट, असं मात्र म्हणू नका. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका अशी छापली की नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधे एका ओळीत, लोकांचा गोंधळ होऊन मत भलत्यालाच गेलं अशी ओरड झाली, आणि त्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी, त्यावर राष्ट्राध्यक्ष ठरला. ती पत्रिका काढणाऱ्या बाईंनी वाईट हेतूने काढली नव्हती बरं का, म्हाताऱ्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं होतं! फक्त म्हाताऱ्यांच्या हातात देऊन बघितली नाही.

आणि परदेशी म्हणाल तर तुमच्या आमच्या खान्देशातच १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, साने गुरुजी त्यासाठी किती राबले ते अमळनेरकरांना मी सांगायला नको. तिथला मंडप, कमानी उभ्या करायला गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं, आणि अट घातली की जे सामान खेड्यात मिळतं त्यातूनच करायचं. बांबू, चटया, गवत. तो प्रोटोटाइप नाहीतर काय होता. पुढे १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची मांडणी, रेकॉर्ड आणि कामाची पद्धत बदलून टाकली, तो लखीना पॅटर्न आमच्या पिढीच्या कारकुनांनी शिव्या देत देत शिकला. मीही दिल्या. पण पहिल्यांदा मागितलेली नस्ती दहा मिनिटांत हातात आली तेव्हा गप्प झालो.

आता तुमच्या वारस नोंदीचं, कारण तत्त्वज्ञानापेक्षा ते महत्त्वाचं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, त्यानुसार प्रत्येक कार्यालयाने सेवा, तिची मुदत, फी, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा ज्याने द्यायची तो) आणि अपील कोणाकडे, हे बाहेर फलकावर लावायचं असतं. तो फलक शोधा, बहुतेक कपाटामागे असेल. तुमची सेवा त्या यादीत असेल तर मुदत संपल्यावर किंवा अर्ज नाकारल्यावर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. दोषी ठरलेल्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे, रक्कम फार नाही, पण सेवापुस्तकाच्या भीतीने कागद हलतो हे आतल्या माणसाचं सांगणं. अपीलात 'अतोनात मनस्ताप झाला' वगैरे लिहू नका, ते कोणी वाचत नाही. तारीखवार लिहा, कोणत्या दिवशी गेलात, कोणत्या टेबलाला, काय म्हणून परत पाठवलं. त्या तारखा जमवून मला पण पाठवा गुरुजी, कार्यालयाचं नाव नको, आठ महिन्यांत चकरा किती झाल्या तेवढा आकडा पुढच्या अंकासाठी पाहिजे.